दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचा बूट

सिग्नलला थांबलेल्या निळ्या गाडीची पुढची चाकं डावीकडे वळलेली होती, आणि रस्ता ओलांडणारी एक मुलगी तिथेच थबकली. दुसरी कुणी असती तर तिने काचेच्या आत पाहिलं असतं, कारण आत बसलेला माणूस पाहण्यासारखा होता. हिने पाहिलं ते चाकाच्या मागे. तिथे काळं ग्रीस चहूकडे उडालं होतं. तिने काचेवर टकटक केली.

“तुमचा बूट फाटलाय.”

त्या माणसाने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“गाडीचा हो! चाक फिरवणारा दांडा असतो ना, एक्सल… त्याच्या सांध्यावर रबराचं आवरण असतं. ते फाटलं की आतलं ग्रीस बाहेर आणि बाहेरची धूळ आत. लवकर बदला, नाहीतर सांधाच जाईल.”

“तुम्हाला इथून दिसलं?”

“मिस्त्री आहे मी. समोरच्या गल्लीत आमचं गॅरेज आहे,” ती म्हणाली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं की सिग्नल केव्हाच हिरवा झालाय.

तो आला. दुसऱ्याच दिवशी आला, आणि चाकात हवा कमी वाटतेय म्हणाला.

हवा अगदी ठीक होती. पुढच्या आठवड्यात वायपर आला, मग हॉर्न, मग आतला दिवा. त्याच रस्त्याच्या टोकाला एका दवाखान्यात तो दातांचा डॉक्टर होता, आणि दुपारची सुट्टी झाली की निळी गाडी गॅरेजच्या दारात हजर व्हायची. तो तिला मिस्त्रीबाई म्हणायचा, ती त्याला डॉक्टरसाहेब. दोघांच्याही बोलण्यात आदर कमी आणि खोडी जास्त असायची.

“बूट कधी बदलायचा, डॉक्टरसाहेब?”

“बदलू हो. घाई काय आहे?”

“किडलेला दात घेऊन पेशंट आला तर त्यालाही हेच सांगता?”

“पेशंटला रागावतो. स्वतःला रागवायला जमत नाही,” तो हसून म्हणायचा, आणि ती मान खाली घालून पाना शोधायची. पाना हातातच असायचा.

दारात खुर्ची टाकून बसलेले तिचे बाबा हे सगळं बघायचे. गॅरेज त्यांचंच, पण गुडघ्याने दगा दिल्यापासून गाडीखाली शिरणं बंद झालं होतं. आता काम तिचं आणि सूचना त्यांच्या.

मग एक दिवस तो दुपारची सुट्टी केव्हाच उलटून गेल्यावर आला. मागच्या सीटवर बॅगा होत्या, पुस्तकांची खोकी होती. घाटावरच्या सरकारी रुग्णालयात त्याला कायमची नोकरी लागली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार होते. घाटात दरड काढायचं काम चालू होतं, त्यामुळे अंधार पडला की रस्ता बंद, तो सकाळी उशिरा उघडणार. म्हणजे आज उजेडातच घाट चढायला हवा होता.

“तेवढा बूट बदलून द्याल?” त्याने विचारलं. आवाजात नेहमीची खोडी नव्हती.

तिची नजर मागच्या सीटवरच्या खोक्यांवर गेली. पण ती बोलली ते भलतंच.

“तीन महिने सांगतेय मी! तीन महिने! आणि आज, निघताना?”

“चुकलंच माझं.”

“गाडी आत घ्या,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता जॅक ओढत आली.

चाक उतरलं. एक्सलचा मोठा नट सुटता सुटेना, तेव्हा पान्यावर चढून तिने सगळा जोर लावला. दांडा बाहेर काढून तिने तो टेबलाच्या शिकंज्यात आवळला. जुन्या रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. हातोडीचे मोजके ठोके देऊन तिने सांधा दांड्यावरून उतरवला, रॉकेलमध्ये धुतला, पुसला आणि आतल्या खाचांवरून बोट फिरवलं. एका खाचेत बोटाला खरखर लागली, अगदी किंचित.

तिने पुन्हा बोट फिरवलं. लागली, की भास झाला? बाहेर उन्हं कलायला लागली होती. तो शेजारीच दिवा धरून उभा होता, इतका जवळ की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास ग्रीसच्या वासातूनही येत होता.

“काही गडबड?”

“नाही,” ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

तिने सांध्यात नवं ग्रीस भरलं. दांड्यावर नवं लॉक, म्हणजे सांधा अडकवून ठेवणारी तारेची कडी, चढवलं, सांधा टेकवला, हातोडी उचलली.

“मिस्त्रीबाई,” तो हळूच म्हणाला, “तिथे वर… चांगलं गॅरेज असेल ना?”

“असेलच की.”

“पण तुमच्यासारखं…”

तिने हातोडी मारली. एक, दोन, आणि टक्‌ करून लॉक आत बसलं. आता हा सांधा सहजासहजी निघणार नव्हता. समाधानाने तिने बूट ओढायला हात पुढे केला आणि हात हवेतच राहिला.

नवाकोरा बूट टेबलावर पडला होता. सांध्याच्या आधी तो दांड्यावर ओवायचा असतो. गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी पाय ठेवणाऱ्यालाही हे शिकवतात, कारण एकदा का सांधा बसला की बूट आत जायला वाटच उरत नाही.

बाबांनी खुर्चीतून पाहिलं आणि त्यांचा आ वासला. “अगं… तू?”

तिचे कान लाल झाले. सगळं पुन्हा उघडायचं, ग्रीस पुसायचं, नवं लॉक घालायचं, आणि बाहेर सावल्या लांब होत चाललेल्या.

“मला थांबवून घ्यायला मुद्दाम केलंत ना?” तो म्हणाला. त्याने ते हसतच म्हटलं होतं, पण तिला ते जिव्हारी लागलं.

“माझ्या कामात मी मुद्दाम काही करत नाही, डॉक्टर!”

त्याने दिवा पुन्हा जवळ धरला. तिने सांधा पुन्हा ठोकून काढला. बोट त्या खाचेवरून पुन्हा गेलं, पुन्हा खरखरलं. आता सांगायला हवं होतं. पण आताच तर तो मुद्दाम म्हणाला होता! आता आणखी एक खोट काढली तर काय वाटेल त्याला? तिने ओठ घट्ट मिटले, आधी बूट ओवला, मग सांधा ठोकला, क्लिपा आवळल्या आणि चाक चढवलं.

“मैदानात एक चक्कर मारू,” ती म्हणाली. “आवाज ऐकल्याशिवाय मी गाडी देत नाही.”

गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात त्याने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. ती शेजारी बसली होती, काच खाली, कान बाहेर. गाडी गोल फिरली. आवाज नाही. आणखी एक फेरी. ती मनातल्या मनात हात जोडून बसली होती.

“थोडा वेग वाढवा.”

त्याने वेग वाढवला. आणि मग, इंजिनावर जोर आला त्या क्षणी… कट्‌. पुन्हा, कट्‌.

“काहीच आवाज नाही!” तो खूश होऊन म्हणाला. “निघू मी?”

मैदानाच्या कडेला झाडांच्या शेंड्यांवर तेवढं ऊन उरलं होतं. होय म्हटलं की तो वेळेत पोहोचणार होता. कदाचित सांधा टिकलाही असता. कदाचित… आणि नाही म्हटलं तर त्याच्या नजरेत ती कायमची तीच मुलगी राहणार होती, आधी बूट विसरणारी आणि मग आवाजाचं निमित्त काढणारी. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचा रागही आला.

“गाडी थांबवा,” ती म्हणाली.

त्याने थांबवली.

“सांधा गेलाय. आतल्या खाचा झिजल्यात. मघाशीच हाताला लागलं होतं, पण तुम्ही मुद्दाम म्हणालात आणि… माझी जीभच उचलली नाही. भरलेली गाडी घाटात चढणीवर वळली आणि तो तुटला, तर इंजिन चाकाला ओढणारच नाही. गाडी मागे घसरेल. नवा सांधा उद्याशिवाय मिळत नाही. तुम्हाला आवाज येत नाहीये, मला माहीत आहे. विश्वास ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही.”

 त्याने हात पुढे करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

“तुम्ही आवाज आहे म्हणता ना? मग आहे.”

“नोकरी जाईल तुमची!”

“जाईल.” त्याने किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं थंडगार होती, म्हणजे घाबरला तोही होता. “मिस्त्रीबाई, हा सांधा मी मारलाय. पहिल्याच दिवशी बूट बदलला असता तर वाचला असता. पण बदलून झाला असता, तर दुसऱ्या दिवशी काय सांगून आलो असतो? माणूस हवा तरी किती भरणार…”

तिला हसू फुटलं, आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं.

“हे आत्ता सांगताय?” ती ओरडली. “अंधार पडायला आलाय! पळा!”

ती गॅरेजकडे पळत सुटली. दारात गाड्या ओढून आणायची जुनी पिकअप उभी होती. तिने काही म्हणायच्या आत बाबांनी किल्ली पुढे केली.

“घाटावरच्या आत्याला फोन केलाय,” ते म्हणाले. “रात्री तिच्याकडे राहा. रस्ता उघडला की उद्या परत.”

“बाबा, तुम्हाला कसं…”

“गुडघा गेलाय माझा, डोळे-कान नाही. सांध्याचा आवाज इथवर आला. आणि जिला सांधा कळतो ती पोरगी बूट विसरते, म्हणजे काय समजायचं बापाने? जा आता.”

बॅगा आणि खोकी पिकअपमध्ये फेकली गेली. ती स्टिअरिंगला बसली, डॉक्टर शेजारी. निळी गाडी मैदानातच राहिली.  शहर मागे पडलं तरी ती एक डोळा आभाळावर ठेवून पिकअप जीव खाऊन पळवत होती.

घाटाच्या तोंडाशी पिवळ्या जाकिटातला माणूस आडवा दांडा खाली आणत होता. तिने हॉर्नवरून हात काढलाच नाही. माणसाने कपाळावर हात मारला, काहीतरी पुटपुटला आणि दांडा पुन्हा वर केला. पिकअप आत गेली आणि मागे दांडा खाली आला.

“पोहोचलो,” त्याने सुस्कारा टाकला.

“घाट चढायचाय अजून.”

“तुम्ही चालवताय. मला काळजी नाही.” मग जरा थांबून तो म्हणाला, “मघाशी मी मैदानात काही बोललो होतो… तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

पहिलं वळण आलं. ते तिने सावकाश पार केलं. मग समोर बघतच म्हणाली, “बूट मी का विसरले, सांगू? तुम्ही विचारलंत, वर चांगलं गॅरेज असेल ना. ते ऐकून मला दुसरं काही सुचेना. वर दुसरं गॅरेज असूच नये, असं वाटत होतं मला. बस्स. दिलं उत्तर.”

“हे तीन महिन्यांपूर्वी बोलला असतात तर?”

“तर तुमचा सांधा वाचला असता!”

तो मोठ्याने हसला. तिचा हात गिअरवर होता, नखांत अजून ग्रीस होतं. त्यावर त्याने आपला हात ठेवला. तिने काढून घेतला नाही, फक्त म्हणाली, “ग्रीस लागेल.”

“लागू दे.”

“वळण आलंय, डॉक्टर. गिअर टाकायचाय.”

त्याने हात उचलला नाही, तिनेही उचल म्हटलं नाही. गिअर दोघांनी मिळून टाकला, आणि पिकअप वळणावरून वर चढली.