अकरा किलोची बॅग

विमानतळाच्या काउंटरवर गादीवाल्या आजोबांनी बॅग काट्यावर ठेवली, तेव्हा ती अकरा किलो भरली. वजनाच्या बाबतीत आजोबा चुकायचे नाहीत. अक्षराशी त्यांची ओळख जेमतेम होती, पण काट्याशी जन्माची. बापाच्या दुकानात कापूस तोलता तोलता मिशा फुटल्या आणि तिथेच पिकल्या.

काउंटरवरची मुलगी हसली. "एवढंच? आजोबा, बिझनेस क्लासचं तिकीट आहे तुमचं. याच्या तिप्पट नेता आलं असतं."

"एकच जिन्नस पोचवायचाय मला. बाकी दोन सदरे आणि दाढीचं सामान, ते आपलं त्याला सोबत म्हणून."

"मग हातातच ठेवा की. वर सहज मावेल."

"नको, नको. खालीच जाऊ दे."

हे ते जरा घाईनेच बोलले. मुलीने बॅगेला तांबडी पट्टी लावली, म्हणाली, "ठीक आहे. या पट्टीची बॅग उतरल्यावर सगळ्यांच्या आधी येते." बॅग पडद्याआड गेली आणि आजोबांना हलकं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

बॅगेत आईच्या हातची गोधडी होती. आजोबांचा धाकटा भाऊ ऐन तरुणपणी थंडीच्या देशात गेला, तो तिकडचाच झाला. बायको नाही, पोर नाही. आता दोन महिने इस्पितळात पडून होता. त्याचा फोन आला होता, "दादा, डॉक्टरांनी हात टेकलेत. तू ये. गुडघे दुखतात तुझे, म्हणून झोपायच्या सीटचं तिकीट काढलंय. येताना गोधडी आण. मला ती बारकीला परत द्यायचीय."

बारकी म्हणजे त्यांची बहीण. चार वर्षांची असताना वारली, त्याला आता पासष्ट वर्षं झाली.

विमानात आजोबांचा थाट राजासारखा होता. बसल्या बसल्या वाफाळता रुमाल आला, तो त्यांनी घडी घालून परत दिला. "आमचा बिझनेस गाद्यांचा. त्यामुळे बसवलंत ते योग्य जागी," असं ते हवाईसुंदरीला म्हणाले. तिने बटण दाबून खुर्चीचा पलंग केला, तसं त्यांनी अंगठा रोवून पाहिलं. नुसता फोम. कापसाचा तंतू औषधालाही नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. बोलायला कुणी नव्हतं. गोड बोलणारी माणसं यायची, काहीतरी ठेवून जायची. एवढी खातिरदारी आणि एवढा एकटेपणा आजोबांनी एका जागी कधी पाहिला नव्हता.

मऊ पांघरूण दिलं, ते त्यांनी कमरेपर्यंतच घेतलं. गावभर रजया शिवणारा हा माणूस पासष्ट वर्षं कमरेच्या वर पांघरूण ओढत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, उकडतं.

सकाळी उतरल्यावर ते सामानाच्या पट्ट्याशी सगळ्यांत आधी उभे राहिले. तांबड्या पट्टीच्या बॅगा आल्या, माणसं त्या घेऊन गेली. मग बाकीच्या आल्या. मग कुणाचीतरी एक छत्री तीनदा फिरून गेली. मग पट्टाच थांबला. एवढ्या मोठ्या दालनात आजोबा आणि एक झाडूवाला.

हरवलेल्या सामानाच्या खिडकीत चष्मेवाला कारकून होता. फॉर्म त्यानेच भरला.

"ओळखीची खूण?"

"तपकिरी. सुतळीने बांधलीय. गाठ गादीवाल्याची आहे, ओढाल तेवढी घट्ट बसते. मला सोडून कुणाला सुटायची नाही."

"आत काय आहे?"

"गोधडी."

कारकुनाने वर पाहिलं, पण लिहून घेतलं. "दोन दिवसांत मिळेल. काळजी करू नका." वर एक चेन लावलेली पिशवी दिली. ब्रश, मोजे, एक पांढरा बनियन. बिझनेस क्लासवाल्यांना मिळते म्हणे.

आजोबा तसेच इस्पितळात गेले. धाकटा खिडकीशी खाटेवर होता. होता म्हणजे काय, चादरीखाली काठ्या ठेवाव्यात तसा. अंगावर तीन ब्लँकेटं, वर गरम हवेची नळी सोडलेली, तरी दात वाजत होते.

नर्सबाई म्हणाल्या, "अंग गरमच आहे हो त्यांचं. थंडी कुठून वाजते, आम्हाला कळत नाही."

धाकट्याने डोळे उघडले. "दादा... आणलीस?"

"बॅग मागे राहिली, बाळा. येईल दोन दिवसांत."

"तेवढा थांबतो मी."

आजोबांच्या छातीवरचा दगड अजून दोन दिवस तिथेच राहणार होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते बरं वाटलं. कारण गोधडी आली की बोलावं लागणार होतं.

काय बोलायचं, तेही सांगून टाकतो. तिघं भावंडं एका गोधडीत निजत. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सहाचा, बारकी कडेला, दाराच्या बाजूला. तिला खोकला होता. कडाक्याच्या थंडीत एका रात्री थोरल्याने झोपेत सगळी गोधडी आपल्या अंगावर ओढून घेतली. उजाडता जाग आली तर बारकी उघडी पडलेली आणि लाकडासारखी ताठ. पोरगं भ्यालं. त्याने गोधडी हळूच काढली, झोपलेल्या धाकट्याभोवती गुंडाळली आणि डोळे मिटून पडून राहिलं. आईने येऊन पाहिलं. मारलं नाही, रडलीही नाही लगेच. सहा वर्षांच्या पोराला एवढंच म्हणाली, "सगळी ओढून घेतलीस रे?"

धाकट्याने ते वाक्य जन्मभर पाठीवर वागवलं. थोरल्याने त्याला ते वागवू दिलं. विमानात बसताना आजोबांनी मनाशी ठरवलं होतं, गोधडी त्याच्या हातात देताना सांगायचं. तो जायच्या आधी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भावाच्या भाड्याच्या खोलीत चहा ढवळत बसले होते. एक खाट, एक खुर्ची, एकच कप. अख्खी इमारत चिडीचूप. फोन वाजला. सामानाच्या ऑफिसातली बाई होती.

"तुमची बॅग सापडली. मधल्या विमानतळावर राहिली होती. फक्त... वजन किती म्हणालात?"

"अकरा."

"इथे सोळा दाखवतंय."

"मग माझी नसेल ती."

"तपकिरी आहे, सुतळी आहे, पट्टीवरचा नंबर तुमचाच. गाठही शाबूत आहे, आम्हाला सुटेना." बाई हसली. "भिजली असेल कदाचित."

भिजलेला कापूस किती जड होतो, हे आजोबांना कुणी शिकवायला नको होतं. पाच किलो पाणी प्यायलेली बॅग जमिनीवर थारोळं सोडते. त्यांनी विचारलं, "खाली ओल आहे का?"

"नाही हो. कोरडी ठणठणीत आहे."

त्या संध्याकाळी इस्पितळात धाकटा दाराकडे पाहत होता. म्हणाला, "निघालीय ती."

"कोण?"

"गोधडी रे," असं म्हणून तो हसला.

आजोबा खुर्ची ओढून जवळ बसले. आताच सांगावं, गोधडी नसली म्हणून काय झालं. तोंड उघडलं. "धाकट्या..." मग म्हणाले, "पाणी हवं का?"

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. विमानात जागा नव्हती, बॅग उद्या येईल. या वेळी बाई हसली नाही. "आजोबा, बॅगेत दुसरं काही आहे का? आज एकवीस भरली. दोन काट्यांवर ठेवून पाहिली."

"दुसरं काही नाही."

"बरं..." तिने आवाज खाली आणला. "आमचा एक हमाल म्हणतो, ती आडवी ठेवली की सकाळी उभी असते. त्याचं काही ऐकू नका, तो थट्टेखोर आहे."

चौथ्या दिवशी सकाळी बॅग आली. पोचवणारा माणूस धट्टाकट्टा होता, तरी जिन्यावर तीनदा टेकला. बॅग उंबऱ्यात ठेवून घाम पुसत म्हणाला, "काय भरलंय काका, दगड? पंचवीस किलो आहे पावतीवर." तो खाली उतरला.

आजोबांनी दोन्ही हातांनी जोर लावून बॅग उचलली आणि मागेच कोलमडले. बॅग पिसासारखी हलकी होती. न्हाणीघरात भावाचा वजनकाटा होता, त्याच्यावर ठेवली. अकरा.

उंबरा ओलांडून आत येईतो चौदा किलो कुठे गेले?

आजोबा तिथेच फरशीवर बसले. बापाच्या दुकानातला कापसाचा मोठा काटा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तागडीत बारकी पाय हलवत बसलेली, आणि बाप गिऱ्हाइकांना ओरडून सांगतोय, "या कापसाच्या गाठीचा भाव विचारू नका! चौदा किलो, अस्सल माल!" तो बारकीचा शेवटचा हिवाळा.

खोलीचं दार उघडंच होतं. आजोबांनी मागे वळून पाहिलं नाही. अंगठ्याने गाठ सोडवली. आत दोन सदरे, दाढीचं सामान आणि गोधडी. गोधडी त्यांनी घडी घालून ठेवली होती. आता ती विस्कटलेली होती, कुणीतरी नुकतंच पांघरुणातून उठून गेल्यासारखी.

वॉर्डात पोचले तेव्हा धाकट्याचा श्वास वर लागला होता. नर्सबाईंनी ब्लँकेटं काढली आणि आजोबांनी गोधडी पसरली. दात वाजायचे थांबले, एकदम, दिवा घालवावा तसे. धाकटा महत्प्रयासाने दाराच्या बाजूच्या कडेला सरकला आणि खिडकीच्या भिंतीकडे हातभर जागा मोकळी सोडली.

"अहो, पडाल," नर्सबाई म्हणाल्या.

"तिला कडेला नको," तो म्हणाला.

आजोबांनी त्याचा हात धरला. आता सांगायचंच. "बाळा, ऐक. त्या रात्री..."

"श्..." धाकट्याने मान मोकळ्या जागेकडे वळवली होती. कान देऊन ऐकावं तसा तो बराच वेळ पडून राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला. सहा वर्षांच्या पोराचा असावा तसा.

"दादा... ती मला म्हणते, तू नव्हतीस ओढली."

आजोबा त्याच्या तोंडाशी वाकले. "मग... मग कुणी, ते सांगितलं का तिने?"

"मी विचारलं." धाकट्याने डोळे मिटले. "ते ती तुलाच सांगणार म्हणते."

"बाळा, मीच सांगतो तुला, माझ्या तोंडून ऐक, मी..."

नर्सबाईंनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा... गेले ते."

खरं बोलायला पासष्ट वर्षं मिळाली होती, आणि अपुरी पडली ती दोन श्वासांनी. आजोबा खाटेशी बसून राहिले. नर्सबाई गोधडी काढू लागल्या आणि थबकल्या. त्यांनी मोकळ्या जागेवरून तळवा फिरवला. आजोबांकडे पाहिलं. मग गारठलेला तळवा दुसऱ्या हाताने चोळला.

गोधडी आजोबांनी भावाबरोबरच पाठवली. निरोप द्यायला ते, नर्सबाई आणि भावाचा घरमालक, एवढीच माणसं. घरमालक म्हणाला, "भला माणूस होता. हिवाळ्यातही खिडकी उघडी टाकून झोपायचा. मी म्हणायचो, मरशील एखाद्या दिवशी गारठून." मग आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

परतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. विमान कंपनीने बिझनेस क्लासवाल्यांसाठी गाडी पाठवली होती, मोठी, काळी, काचा बंद. बॅग चालकाने डिकीत टाकली. आजोबा मागे बसले, पट्टा लावला. गाडी सुरू झाली आणि टुंग, टुंग, टुंग, वाजायलाच लागली.

चालक आरशातून म्हणाला, "आजोबा, शेजारच्या सीटवर काय ठेवलंय? त्याला पट्टा लावा. वजन पडलं की ही बया अशी बोंबलते."

"काही नाही ठेवलेलं."

"एखादी पिशवी?"

"काही नाही, बाबा. रिकामी आहे सीट."

"मग बिघडली असेल. तरी लावून टाका, नाहीतर विमानतळापर्यंत डोकं खाईल."

आजोबांनी हात लांबवून पलीकडचा पट्टा ओढला. तो सीटवरून आडवा आणताना त्यांची बोटं गारठली, फडताळातलं जुनं पितळ धरावं तशी. खटका बसला. आवाज थांबला.

"बघा, झाली गप्प," चालक म्हणाला.

गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. काचेतून ऊन येत होतं, गरम हवा सोडलेली होती, आणि आजोबांची ती एक बाजू गार पडत चालली होती. मग शेजारी न पाहता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बोल."

"काही म्हणालात, आजोबा?"

"तुम्हाला नाही."

मग त्यांनी मान वळवली. पट्टा सीटला टेकला नव्हता. हातभर पुढे, गोलसर, तो अधांतरी ताणलेला होता.