त्याला गरम होतं

गॅरेजमध्ये हत्यारं मेस्त्रींची आणि आकडे वहिनींचे, अशी वाटणी लग्नाच्या वर्षीच होऊन गेली होती. मेस्त्री पाइप कापत, वेल्डिंग करत, बंपर उतरवत. त्यांची बायको काचेच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसे आणि गाडी काय म्हणतेय ते रेघांमधून वाचे. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत, आणि वहिनींचा कानांवर काडीचा विश्वास नव्हता. "आवाज बदललाय हो," असं कुणी म्हटलं की त्या विचारत, "किती बदललाय?"

करड्या रंगाची टर्बो गाडी घेऊन एक काका आले ते भर दुपारी. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. लांब बोटं, स्वच्छ नखं, बोलणं मोजून मापून. गाडी मुलाची आहे, एवढंच त्यांनी सांगितलं.

"चढावर दम लागतो. त्याला फार गरम होतं."

वहिनींना यात नवल वाटलं नाही. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेवर इंजिन मरगळतं. म्हणून मधे इंटरकूलर बसवतात, म्हणजे हवेचा रेडिएटरच. या गाडीचा मूळचा कूलर वहीएवढा होता आणि बसवला होता थेट इंजिनाच्या डोक्यावर. खालून धग लागत असताना तो बिचारा काय थंड करणार?

"दोन पर्याय आहेत," वहिनी म्हणाल्या. "बंपरच्या मागे मोठा कूलर, समोरच्या वाऱ्यावर निवणारा. नाहीतर पाण्यावर चालणारा. तो लहान जागेत मावतो, पण..."

"पाणी नको." काका एकदम म्हणाले. मग जरा ओशाळून, "पाण्याचं नको. वाऱ्याचा लावा. आणि मोजून बघा, त्याला बरं वाटतंय का."

मेस्त्री हसले. इंजिनाला बरं वाटतंय का, असं इतक्या मायेनं विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं.

वहिनींनी कूलरमधून हवा बाहेर पडते त्या पाइपात तापमानाचा आणि दाबाचा असे दोन सेन्सर बसवले. गावाबाहेर बंद पडलेल्या खाणीपर्यंत एक लांब चढ होता, तिथे चाचणी घेतली. बाहेर छत्तीस अंश. जुन्या कूलरमधून हवा निघत होती एकाहत्तर अंशांनी. दोन दिवस खपून मेस्त्रींनी मोठा कूलर बसवला, आणि त्याच चढावर आकडा आला त्रेचाळीस.

"झकास!" वहिनी म्हणाल्या.

खाणीजवळून वळून ते खाली उतरले आणि पुन्हा चढाला लागले. त्रेचाळीसचे छत्तीस झाले. मग एकतीस. मग चोवीस.

"गाडी थांबवा," वहिनी म्हणाल्या.

वाऱ्यावर निवणारी वस्तू वाऱ्याहून थंड होऊ शकत नाही. कपातला चहा खोलीहून गार होत नाही, तसंच हे. तापमानाचा सेन्सर बिघडला असणार. गॅरेजमध्ये येऊन वहिनींनी तो बर्फाच्या पाण्यात बुडवला. शून्य. उकळत्या पाण्यात धरला. शंभर. तरी त्यांनी दुसरा, कोरा सेन्सर लावला.

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर आकडा नऊवर आला. मग दोनवर. मग उणे सहावर.

मेस्त्रींनी बोनेट उघडलं. रणरणत्या उन्हात पाइपावर पांढरं दव गोठलं होतं. त्यांनी बोट लावलं आणि "आई गं!" म्हणून झटक्यात ओढून घेतलं. बोटाच्या टोकाचा पातळ पापुद्रा पाइपालाच चिकटून राहिला.



गाडी गॅरेजमध्ये लावून मेस्त्रींनी किल्ली काढली. लॅपटॉप अजून जोडलेलाच होता. इंजिन बंद झालं की पाइपातल्या दाबाची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ व्हायला हवी. ती झाली नाही. ती हळूच वर यायची, क्षणभर थांबायची आणि हळूच खाली जायची.

वहिनींनी पंखा बंद केला, दार लावून घेतलं. तरी तेच. घड्याळ समोर ठेवून त्यांनी मोजलं. मिनिटाला चौदा. पुन्हा मोजलं. चौदा. मग त्यांच्या लक्षात आलं की आपला हात आपल्याच छातीवर आहे.

त्यांनी काकांना फोन लावला.

"काका, गाडी बंद आहे, पण आत हवा हलतेय."

"सावकाश?"

"मिनिटाला चौदा वेळा."



"मग झोपला असेल," काका म्हणाले. "उठवू नका."

फोन ठेवून वहिनींनी काकांचे शब्द पुन्हा आठवून पाहिले. इंजिन असतं तर 'झोपलं' म्हणाले असते. 'झोपला' म्हणाले. दम लागतो, गरम होतं, बरं वाटतंय का. इतके दिवस त्या ते सगळं इंजिनाबद्दल ऐकत होत्या.

"मी काढतो हा कूलर," मेस्त्री म्हणाले. त्यांच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. "जुनाच बसवतो आणि गाडी देऊन टाकू. मला नाही ठीक वाटत हे."

मेस्त्रींनी पाना घेतला आणि पहिली क्लिप सैल केली.

रेघ मिनिटाला वीसवर गेली.

दुसरी क्लिप. पस्तीस.

तिसरीला पाना लागला मात्र, रेघ वेडीवाकडी उसळायला लागली. वर येई, अडकून राही, कोसळे.

"थांबा!"

"अगं, पण..."

"आवळा. आधी आवळा परत!"

तो आवाज मेस्त्रींनी याआधी एकदाच ऐकला होता, धाकटी लेक तापाने फणफणली होती तेव्हा. त्यांनी मुकाट्याने क्लिपा आवळल्या. रेघ लगेच निवली नाही. तीस. बावीस. मग कितीतरी वेळाने चौदा.

कुठला कूलर ठेवायचा, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

सकाळी काका आले. "कुठला ठेवलात?"

"मोठा," वहिनी म्हणाल्या.

"बरं केलंत. रात्री उन्हाच्या बाजूच्या भिंतीला नाही ना लावली? ती भिंत तापलेली असते."

"नाही. आतच होती." वहिनींनी किल्ली पुढे केली. "काका, मुलगा कुठे असतो तुमचा?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, समोर बसलेल्या माणसाबद्दल कुणी 'तो कुठे आहे' असं विचारावं, तसं पाहिलं. मग त्यांनी किल्ली घेतली आणि ते गाडीत बसले.

गाडी सुरू करण्याआधी ते शेजारच्या रिकाम्या सीटकडे वाकले. तिचा पट्टा ओढून त्यांनी खाली अडकवला, खांद्याच्या उंचीवर तो जरासा सरळ केला आणि काच वर घेतली.

गाडी वहिनींच्या अगदी जवळून हळू बाहेर पडली. सीटवर कुणी नव्हतं. पण पट्टा सीटला टेकला नव्हता. तो वीतभर पुढे, हवेत ताणलेला होता, आणि सावकाश पुढे येऊन सावकाश मागे जात होता.