स्नेहाचा अनंत

खोटं लिहून मला काय भेटणार? नाव-गाव खरं टाकतोय. मी राजरत्न. वारूळवाडीचा. द्राक्षबागेत छाटणीला जातो. हे याच जूनमध्ये सुरू झालं. भर दुपारी.

माझी बहीण स्नेहा दोन वर्षांमागं काविळीनं गेली.

मागल्या नोव्हेंबरात आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणंबी गेलं. एकेका घासाला पाया पडायला लागायचं.

घरामागं फणसाच्या गच्च सावलीत एक झुडूप व्हतं. स्नेहानं लावलेलं. कसलं, कुणालाच म्हाईत नाय. कधी फुललंच नाय ते. पानं पिवळी, फांद्या वाळलेल्या.

मला वाटलं, हे फुललं तर आई उठून बसंल.

डहाळी घेऊन नर्सरीत गेलो.

"अनंत हाय राव," नर्सरीवाला नवनाथभाऊ म्हणला. "समोरासमोर पानं, शिरा बघ कशा उठल्यात. सावलीत कोंडलाय. ऊन दे, पानं पिवळी पडलीत तर बुडाला फेरस दे, लोहाचं खत."

"द्राक्षासारखी खरड छाटणी करू का, पार खालनं?"

"कर की. पण द्राक्षं नाय लागायची त्याला!"

एप्रिलात फणसाच्या फांद्या उतरवल्या. अनंत गुडघ्याएवढा छाटला. फेरस पाण्यात कालवून ओतलं. पंधरा दिवसांत कोंब आले.

जूनमध्ये पहिलं फूल. पांढरंशुभ्र. वास पार घरात.

त्या दुपारी दोनला जेवायला आलो...

आई बसली व्हती. भिंतीला टेकून. स्वतःहून.

केस विंचरलेले. घट्ट तिपेडी वेणी. वेणीत ते फूल.

एका हातानं वेणी घालता येत नाय.

"आई, कुणी घातली?"

सात महिन्यांनी आई बोलली...

"स्नेहानं."

शेजारच्या लंकामावशीला विचारलं.

"मी सकाळधरनं बेल्ह्याच्या बाजारात शेळी इकत बसले व्हते, लेका. आन् तूच बाहेरनं कडी लावून गेल्तास ना?"

लावली व्हती.

मग रोजच. रोज वेणी, रोज फूल. आई हसायची, गप्पा मारायची. खरं सांगतो, मला भ्या वाटलं नाय. बरंच वाटलं.

पण ताटातला भात तसाच...

"आई, जेवली का नाय?"

"स्नेहानं भरवलं की. पोट भरलंय."

भाताला बोटबी लागलेलं नसायचं.

तीन आठवड्यांत आईच्या अंगावर नुसती हाडं राहिली. डॉक्टर म्हणले, पोटात अन्नच नाय.

मग मी छाटणीची कात्री घेतली. अनंत बुडातनं कापला.

आतनं आई वरडत व्हती, "राजू, लागतंय तिला! लागतंय रं!"

त्या दिवसापासनं वेणी नाय. बोलणं नाय. माझ्या हातचा घास नेला की ओठ घट्ट मिटती. डॉक्टर म्हणले, आता घरीच ठेवा.

आज सहा दिवस मी त्या बुंध्याला बादली बादली पाणी घालतोय. "स्नेहा, ये गं. निदान तू तरी भरव." लाज वाटती लिहायला, पण असंच म्हणतोय.

एक कोंब नाय. साल खरवडून बघितली. आत पार वाळलंय.

आत्ता आईच्या उशाला बसून टाइप करतोय. तिचे डोळे मिटलेत...

आत्ताच तिनं तोंड उघडलं.

चावतीय.

गिळलं.

परत उघडलं...

भाताची वाटी तर माझ्या मांडीवर हाय.