काशिरामचं पाणी

फोन वाजला तेव्हा काशिराम अंगणात जाळं सांधत बसला होता. सकाळचे साडेसात झाले होते.

"काशिराममामा, तुमच्या पाण्याने मासा मेला," पलीकडून सुनीताबाईंचा आवाज आला. "आत्ताच्या आत्ता या."

काशिरामने सुई खाली ठेवली. त्याने चाळीस वर्षं मासे मारले होते. मासा मेला म्हणून त्याला कोणी कधी बोलावलं नव्हतं.

उलव्याजवळच्या त्याच्या गावातून पनवेलला पोहोचायला तास लागला. रस्ताभर डंपरची रांग होती. दर पंधरा दिवसांनी तो याच रस्त्याने सुनीताबाईंकडे समुद्राचं पाणी न्यायचा. होडी खाडीच्या तोंडाबाहेर न्यायची, पूर्ण भरतीचं निळं पाणी कॅनमध्ये भरायचं, दोन दिवस झाकून ठेवायचं आणि मग टेम्पोतून पोहोचवायचं. चार घरांत त्याचं पाणी जात होतं. पाणी वाईट निघालं अशी बोलवा झाली की चारही घरं बंद.

पण त्याला खरी काळजी वेगळी होती. ती टाकी स्वानंदची होती.

स्वानंद हा सुनीताबाईंचा मुलगा. जहाजावर इंजिनीअर. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा परक्या बंदरात त्याचं जहाज अडकवून ठेवलं होतं. खलाशांचे फोन काढून घेतले होते. शेवटच्या फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "माझ्या माशांकडे बघा." तेव्हापासून घर त्या टाकीकडेच बघत होतं.

टाकीत नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे होते. आता एकच उरला होता.

दुसरा स्टीलच्या वाटीत पडला होता.

टाकीतलं पाणी पालक उकळल्यासारखं हिरवं आणि गढूळ झालं होतं. आतले दगड दिसत नव्हते. उरलेला मासा वर येऊन तोंड उघडत होता, मिटत होता.

"बघा," सुनीताबाई म्हणाल्या. "महिना झाला. धुतो, पुसतो, पाणी बदलतो. चौथ्या दिवशी पुन्हा हिरवं. तुमची खाडीच घाण झालीय."

"खाडी घाण हाय, बाय. म्हनून तर मी भायेर जातो." काशिरामने इकडे तिकडे पाहिलं. "माझा मागचा कॅन हाय का?"

स्वानंदची बायको चारुता ऑफिसला न जाता थांबली होती. तिने बाल्कनीतून अर्धा भरलेला कॅन आणला. काशिरामने झाकण उघडून पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. पेल्यापलीकडची भिंत स्वच्छ दिसली.

"ह्ये बी माझंच पानी. पंधरा दिस उन्हात हाय. ह्ये का नाय हिरवं झालं?"



कोपऱ्यातल्या खुर्चीत कमलाकर सर बसले होते. स्वानंदचे वडील. तीस वर्षं विज्ञान शिकवलेले शिक्षक. त्यांच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली होती. ते हळूच म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. दोष पाण्यात नाही."

"मग कशात आहे?" सुनीताबाईंनी विचारलं.

सर ओली बाही पिळू लागले.

काशिरामने टाकीच्या मागची गाळणी उघडली. आतला स्पंज बाहेर काढून पांढऱ्या ताटलीवर पिळला. हिरव्या पाण्याबरोबर बारीक तपकिरी पापुद्रे पडले. त्याने ते बोटांत चोळले. चिकट लागले.

"माशांना खायाला काय देता?"

चारुताने डबी दाखवली. आत लाल, गोल दाणे होते. "रोज सकाळी मीच देते. चिमूटभर. जास्त नाही."

"कधी?"

"पावणेसहाला उठते तेव्हा. आणि मामा, एक सांगू? पाणी आधी हिरवं नसतं. मी उठते तेव्हा कधी कधी पांढुरकं दिसतं. धूर सोडल्यासारखं. हिरवं नंतर होतं."

"तवा घरात जागं कोन असतं?"

"बाबा. ते पाचला उठतात, व्यायाम करतात. आई गोळी घेऊन झोपतात, सातशिवाय उठत नाहीत. स्वयंपाकाची भावना नऊला येते."

"टाकी कोन साफ करतं?"

"तेही बाबाच. बघा ना, दिवसातून दोनदा हात घालतात."

भावना त्याच वेळी दारातून आत आली होती. पिशवी टेकवण्याआधी तिने हिरवी टाकी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आता हेबी माझ्यावर घाला. कणकेचा डबा तर घातलायच."

"कणकेचं काय?" काशिरामने विचारलं.

"महिन्याची कणिक वीस दिवसांत संपते," सुनीताबाई म्हणाल्या. "मी फक्त विचारलं होतं."

"विचारलं नाय, ऐकवलं! माझ्या घरी तांदळाची भाकरी खातात हो. तुमची कणिक नेऊन मी करू काय? आणि नेली तर बाईंसारखी दोनदा चाळत बसू?"

"दोनदा?"

"चाळल्याबिगर बाई परातीला हात लावू देत नाहीत. कोंड्याने त्यांचं पोट दुखतं. चारुताताईसुद्धा चाळूनच घेते."

काशिरामने ताटलीकडे पाहिलं. मग टाकीच्या कडेला लावलेल्या यंत्राकडे पाहिलं. त्यात निळा दिवा जळत होता.

"ह्ये कवा आनलं?"

"बारा तारखेला," सुनीताबाई म्हणाल्या. "पाणी निवळायचा दिवा. यांनीच आणला, लावला आणि दुपारच्या गाडीने वाईला गेले, बहिणीकडे. चार दिवसांत काय सुंदर पाणी झालं! मला वाटलं सुटलो. मग पुन्हा तेच."

"दिवा मधी बंद पडला?"

"एक दिवससुद्धा नाही."

काशिरामने स्पंज ताटलीत ठेवला. त्याला कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. पण वाटीतला मासा समोर होता, आणि भावना पदराने डोळे पुसत होती.

"बसा सगली," तो म्हणाला. "भावना, तू बी बस."

सगळे बसले.

"पानी आदी पांढरं होतं, मग हिरवं. म्हंजे आत कायतरी कुजतंय. कुजलेल्यावर उजेड पडला का हिरवं धरतंच, डबक्यात बी धरतं. काय कुजतंय, ते या ताटलीत हाय. चिकट हाय, आनि त्यात कोंडा हाय. ही कनिक हाय. मळून गोल्या करून टाकलेली."

सुनीताबाईंनी चारुताकडे पाहिलं. चारुताने भावनाकडे.

"एकमेकींकडं बघू नका. या घरात तिघी बाया कनिक मळतात, तिघी बी चाळून. ह्यात कोंडा राह्यला. ज्यानं मळली त्याला चाळायचं ठावंच नाय. तो कदी परातीशी बसलेला नाय."



"आनि चार दिस पानी निवळलं, ते दिव्यानं नाय. दिवा आज बी जळतोय, तरी बघा कसं हाय. त्या चार दिसांत घरातून एकच मानूस भायेर होता."

काशिरामने त्या खुर्चीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज उरली नव्हती.

"तिथे मी कृष्णेत घातल्या," कमलाकर सर म्हणाले. "चुकवायचं नव्हतं."

"काय चुकवायचं नव्हतं?" सुनीताबाईंचा आवाज चिरकला. "अहो, मी सोमवार धरला तर तुम्ही मला हसलात! देवापुढे तेल जाळून जहाज सुटत नाही म्हणालात!"

"म्हणालो."

"मग?"

सरांनी ओली बाही खाली ओढली. "वाचनालयात एकाने सांगितलं. एकेचाळीस दिवस, सूर्य उगवायच्या आधी, माशांना कणकेच्या गोळ्या. अडकलेला माणूस सुटतो. मी त्यालाही हसलो. घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाचला उठून कणिक भिजवली."

"इथल्या तल्यावर का नाय गेलात, सर?" काशिरामने विचारलं.

"तळ्यावर पाटी आहे. माशांना कणिक घालू नये. ती मीच लावून घेतली. पहाटे फिरायला येणारे निम्मे माझे विद्यार्थी आहेत." ते थांबले. "पहिल्या आठवड्यातच कळलं काय होतंय ते. अन्न कुजतं, शेवाळ वाढतं, प्राणवायू कमी होतो. नववीला शिकवत होतो मी. म्हणून दिवा आणला, पाणी बदललं, दगड घासले. सकाळी घालायचं, दिवसभर काढायचं. पण थांबवता येईना. मध्येच सोडलं आणि तिकडे त्याला काही झालं, तर?"

चारुता उठली. तिने वाटीवर रुमाल टाकला.

"आज कितवा दिवस, बाबा?"

"तेहतिसावा."

 सुनीताबाई भावनाकडे वळल्या. भावनाच म्हणाली, "राहू द्या, बाई. चहा टाकते."

काशिरामने बाह्या वर केल्या. दगडांखालचा आंबलेला गाळ नळीने ओढून काढला. अर्धं पाणी उपसून कॅनमधलं ओतलं. मग चारुताकडून काळी चादर घेऊन टाकी झाकली.

"तीन दिस उजेड नाय, खानं नाय. हवेचा पंप चालू ठेवा. मी उद्या ताजं पानी भरतो, दोन दिसांनी घेऊन येतो."

"मासा जगेल?" सरांनी विचारलं.

"मला नाय सांगता येनार."

"आणि माझे आठ दिवस?"

काशिरामने चपला घातल्या. "खाडी हाय की, सर. तितं पाटी नाय."

दुसऱ्या दिवशी सर पाचला उठले, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. सुनीताबाई परातीशी बसल्या होत्या. शेजारी चाळण होती. चारुता गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. कोणाच्याच फोनवर काही आलेलं नव्हतं.

काळ्या चादरीखालून पंपाचा आवाज येत होता. ती उचलून बघायचा धीर कोणाला झाला नाही.

तिघं खाडीवर पोहोचली तेव्हा काशिराम कॅन घेऊन होडीपाशी बसला होता. ओहोटी होती. समोर नुसता चिखल. पाणी लांब, एका पट्टीसारखं चमकत होतं.

सर हातात गोळ्या धरून काठाशी उभे राहिले. आभाळ उजळायला लागलं होतं.

"सूर्य उगवायच्या आत घालायच्या असतात," ते म्हणाले. "पाणी कधी येईल?"

"तिच्या टायमाला येल भरती," काशिराम म्हणाला. "बसा."

ती चौघं चिखलाकडे तोंड करून बसली.