थिंगीचा होकार

"अगं थिंगी, कापड नीट ताणून धर! केस जमिनीवर पडता कामा नयेत," नणंदबाई पुटपुटल्या. "आणि रडतेस कशाला? पुण्याचं काम आहे... तुझंच ओझं उतरतंय!"

मा थिंगीने पांढरे कापड ताणले. मंडालेच्या चहाच्या दुकानादुकानांतून ज्याच्या कविता म्हटल्या जात, त्या को न्योचे... तिच्या पतीचे केस मुंडनाच्या वस्तऱ्याखाली त्यावर पडत होते. मासिके बंद पडली, चूल एकवेळ पेटू लागली, आणि त्याच दिवसांत त्याच्या कानांत कुणी कुणी बोलू लागले. त्या भरात त्याने तिची अर्धी लिहून झालेली कादंबरी चुलीत घातली! भानावर आल्यावर एवढेच म्हणाला, "मला भिक्षू व्हायचंय, कायमचं. बायकोचा होकार लागतो... दे."

आपल्या सहवासाचाच याला वीट आला, असे तिच्या व्याकुळ मनाने घेतले. तरीही तिने होकार दिला. त्याच्या जिवाला शांती लाभणार असेल, तर आपल्या संसाराचे काय एवढे!

दीक्षागृहात स्त्रियांना मज्जाव. ती दाराबाहेर हात जोडून बसली. रोगी माणसाला दीक्षा मिळत नसे, म्हणून आत वृद्ध मठाधिपती एकेका रोगाचे नाव घेऊन विचारत होते, आणि को न्यो शिकवल्याप्रमाणे "नाही, भन्ते" म्हणत होता. मध्येच त्याचा स्वर अडखळला.

"भन्ते, इथं खोटं कसं बोलू? मला आजार आहे... मनाचा."

"मग आलास कशाला, बाबा?"

"हिच्यासाठी. काल कादंबरी जाळली, उद्या हिलाच काही केलं तर? मी नसलो की ही निर्धास्त लिहील."

थिंगीला हुंदका आवरेना.

"खरं बोललास, हेच आजचं पुण्य," मठाधिपती मृदुपणे म्हणाले. "घरी जा. औषध घे."

तो मान खाली घालून बाहेर आला.

"होकार का दिलास गं?"

"वाटलं, तुम्हाला मी नकोशी झाले..."

"वेडी आहेस!"

"वेडं कोण, ते आत सांगून आलात ना!"

किती महिन्यांनी हसला तो! हसता हसता डोळे भरले.

"तुझी कादंबरी, थिंगी..."

"बरीचशी पाठ आहे. मी सांगेन, तुम्ही लिहून घ्या. पण आधी दवाखाना."

"अगं बाई! लोक काय म्हणतील?" नणंदबाई कुरकुरल्या.

सगळ्यांदेखत को न्योने बायकोचा हात धरला. घटकाभरात दीक्षा झाली असती, तर भिक्षूच्या त्या हाताला, स्त्री म्हणून, तिला जन्मभर शिवता आले नसते... थिंगीने तो घट्ट, अगदी घट्ट धरून ठेवला.