दम धरजो

"ओ दादा, उभे काऊन राह्यले? हा सिलिंडर घ्या अन् चला मायासंगं वार्डात."

कोकिळानं ज्याच्यावर हा हुकूम सोडला, तो माणूस वर्ध्याच्या त्या दवाखान्याच्या हॉलच्या दारात सतरंजी खांद्यावर घेऊन उभा होता. नवा वॉर्डबॉय असेल, असं तिनं धरूनच चाललं होतं. सतरंजी ठेवून त्यानं ऑक्सिजनचा तो जडशीळ सिलिंडर वॉर्डापर्यंत ढकलत नेला आणि घाम पुसत तिच्याकडे बघून जरासा हसला. कोकिळाला उगाचच आपली टोपी सरळ करावीशी वाटली.

मग मेट्रन तानाबाईंनी सगळ्या सिस्टरांना हॉलमध्ये बसवून ओळख करून दिली — हे सेलूचे गजेंद्र सर, ताण आणि थकवा घालवायला श्वासाचे व्यायाम शिकवणार. धरणीनं पोटात घ्यावं, असं कोकिळाला झालं.

"श्वास शिकवाले आलो," तो म्हणाला, "तं या सिस्टरनं आदी मायाच दम काढला."

रोज सकाळपाळी संपली की वर्ग भरायचा. "श्वास घ्या... दम धरा... आता सोडा, सावकाश." बाकीच्या सुखानं पेंगायच्या. कोकिळाचा दम मात्र टिकेना. पायांत गोळे, कानात अजून पेशंटांच्या हाका, आणि जीव अडकलेला रोहण्याला, गावच्या घरी. बापूजींनी, तिच्या वडिलांनी, निरोप धाडला होता: आर्वीच्या कापूस व्यापाऱ्याचा मुलगा रविवारी पाहायला येतोय. स्थळ तालेवार होतं, पण सुनेनं नोकरी सोडायची अट होती.

"सिस्टर, तुमचा दम टिकून नाई राह्यला," गजेंद्र समोर येऊन बसला.

"तुमी असे समोर बसल्यावर कसा टिकन?"

"डोये मिटा ना मंग."

"मिटले तरी दिसता..." ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. तोही पुढचं शिकवायचं विसरला.

शेवटच्या दिवशी सायकल स्टँडवर तिनं त्याला गाठलं. "रविवारी मले पाह्याले येऊन राह्यले."

त्याचा चेहरा पडला. "कोकिळा... दम धरजो," एवढंच म्हणून तो सायकल दामटत निघून गेला.

तिचा नुसता जळफळाट झाला. आपण लग्नाचं बोलतोय, आणि हा बाबा व्यायाम सांगतोय.

रविवारी पाहुण्यांसमोर बसताना छाती धडधडायला लागली. सवयीनं तिनं श्वास घेतला, धरला... आणि लख्ख उमगलं. हॉलमध्ये तो सगळ्यांना "धरा" म्हणायचा. तिला "धरजो" म्हणाला होता, आपल्या माणसाला म्हणतात तसं. सिस्टर नाही, कोकिळा म्हणाला होता. श्वास नव्हे — तो थांब म्हणत होता, माझ्यासाठी थांब. की वेड्या मनाला वाटेल तो अर्थ दिसत होता?

पाहुणे गेल्यावर बापूजींनी विचारलं, "होकार कयवू?"

"नाई, बापूजी."

"काऊन?"

ती पाहुण्यांच्या कपबशा गोळा करत राहिली. बापूजी जेवलेच नाहीत. एका 'जो'च्या भरवशावर तिनं असं स्थळ मोडलं होतं, आणि तो भरवसा खरा की खोटा, देव जाणे.

सोमवारी सकाळी ती वर्ध्याला बसमधून उतरली, तर समोर गजेंद्र. कडक इस्त्रीचा शर्ट, शेजारी नवं लुगडं नेसलेली त्याची आई, सुमित्राबाई.

"कुठी चालले?" तिनं विचारलं.

"तुयाच घरी. माय ऐकून नवती राह्यली... काल ऐकलं तिनं. तू हो तं नाई ना म्हनली?"

"नाई म्हनलं."

"काऊन?"

"तुयावर मन बसलं म्हून," ती त्याच्या आईदेखत बोलली. इतके दिवस उरात कोंडलेलं सगळं एकदम हलकं झालं.

सुमित्राबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, तुये बापूजी तापट हायेत का?"

"आज जरा जास्तच."

"मंग तूबी चाल. त्याईच्या शिव्या आमी एकट्यानं काऊन खाव्या?"

दुपारची ड्युटी बुडणार, तानाबाई फाडून खाणार... जिच्यातून उतरली त्याच बसमध्ये कोकिळा पुन्हा चढली. तिघांच्या बाकावर ती खिडकीशी बसली. गजेंद्र तिच्याजवळ सरकणार, एवढ्यात सुमित्राबाईंनी त्याला हातानं मागं सारलं आणि पिशवीसकट आपणच मध्ये बैठक मारली.

"लगन होईस्तोवर," त्या म्हणाल्या, "मधात मीच."