ओमकारचा मदरबोर्ड

कॉम्प्युटरचा चांगला भाग हाती लागला की स्वरूपला जेवणाचं भान राहत नसे. त्या दिवशीही आईचे फोन येऊन गेले होते. पान वाढून झाकून ठेवलंय, म्हणत होती. पण शहापूरच्या बाजारातल्या त्याच्या दुकानात धसईचा पंढरी आला होता, आणि त्यानं टॉवेलात गुंडाळलेला मदरबोर्ड टेबलावर ठेवला होता.

"पुतण्याचा हाय, ओमकारचा. तो गेला गेल्या महिन्यात, तापानं. कसा हाय तेवढं बघून सांगा."

स्वरूपला वाईट वाटलं, पण डोळे बोर्डावरून हलेनात. खास गेमिंगसाठी बनवलेला होता. प्रोसेसरभोवती धातूचे जाड ठोकळे, दिवसभर खेळलं तरी तापू नये म्हणून. ग्राफिक्स कार्डाची खाच पोलादानं मढवलेली. कडेला दोन आकड्यांची इवलीशी काच, चालू होताना गाडं कुठं अडलं ते सांगणारी. खोट एकच, पंख्यांच्या तारा जोडायच्या जागा इतक्या अडचणीत की तिथं बोट शिरेल तर शपथ.

रॅमच्या खाचेत मात्र काहीतरी अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं काढलं. वाळलेलं भाताचं शीत होतं, त्याला काळा तीळ चिकटलेला.

"पोरगं बोर्डावरच जेवायचं की काय?" तो हसला.

पंढरी हसला नाही. "तुमी सोता खेळता काय?"

"खेळतो की! माझ्याशी जोडी जमवायला लोक मागे लागतात."

पंढरीनं सुटल्यासारखा श्वास सोडला.

बाहेर तिन्हीसांज झाली होती. स्वरूपनं प्रोसेसर, पंखा, रॅम बसवून बटण दाबलं. पंखा फिरला, काचेतले आकडे भराभर बदलले आणि एका जागी थांबले. पडदा काळाच राहिला. त्यानं वीज बंद करून तार उपसली. आत साठलेली वीज उतरली की आकडे विझतात, हे त्याला पाठ होतं.

आकडे विझले नाहीत.

दुकानात वास सुटला. तारा जळल्याचा नव्हे. ओल्या राखेचा, उदबत्तीचा. स्वरूपच्या अंगावर सरसरून काटा आला.

"पंढरीशेठ... हे काय आहे?"

पंढरी दाराशी सरकला होता. "दहाव्याला कावळा शिवंना, दादा. वैनी रडून दमली. तुझ्या आयशीला सांभाळू, भावाला शिकवू, समदं बोलून झालं. कावळे झाडावर बसून ऱ्हायले... पोरगं एकलंच खेळायचं. गावात जोडीदार नव्हता त्याला. मंग मीच बोललो, तुला जोडीदार देतो रे..."

"मग?"

"शब्द तोंडातून निघाला, नि कावळा शिवला."

"आणि हा माझ्याकडे आणलात?"

"माजी दोन पोरं हायेत घरात..." पंढरी हात जोडून रडायलाच लागला. "दोगंबी खेळत्यात, दादा."

आणि तो पळाला. स्वरूप मागे धावणार, तोच बोर्डावरचा पंखा हळूच फिरू लागला. तार जमिनीवर पडलेली होती. स्वरूप मागे सरकून भिंतीला टेकला. इतक्यात मोबाइल वाजला. आईचं नाव बघून त्याला रडूच फुटलं.

"स्वरूप, ऐक रे," आईचा आवाज कापत होता. "आत्ता काळोख पडताना खिडकीतून कावळा आला. तुझ्या पानावरचं झाकण पाडलं त्यानं... बाबांचं पान शेजारीच उघडं होतं, त्याला नाय शिवला. तुझ्याच भाताला शिवला नि गेला. माझा जीव थाऱ्यावर नाय. तू बरा हायस ना?"

"आई, मी निघतो. आत्ता येतो घरी."

"स्वरूप?"

"आई, आहे मी! ऐकू येतंय ना?"

"स्वरूप, बाळा... पंख्याचा आवाज येतोय नुसता. तू बोलत का नायस?"

स्वरूप बोलत होता. घसा फाटेस्तोवर बोलत होता.